मागचं फाटक

इंदूरजवळ, धार जिल्ह्यात पीथमपूर आहे. 1980 च्या दशकात तिथल्या माळावर कारखाने उभे राहिले आणि मोटारींच्या कामात मुरलेली पुण्याकडची काही माणसं तिकडे गेली. त्यांत एक फोरमन होते, मूळचे वाईकडचे. निवृत्त झाल्यावरही ते गावी परतले नाहीत. मुलं तिथंच कामाला लागली होती, सुना माळव्यातल्या होत्या. वस्तीत त्यांना सगळे काका म्हणत.

वस्तीतली पोरं दर गणपतीत कबड्डीचे सामने भरवायची. एका वर्षी त्यांनी बेत मोठा केला. सामने रात्री, दिव्यांच्या उजेडात, आणि अंतिम सामन्यानंतर ऑर्केस्ट्रा. तिकीट वीस रुपये. पाच हजार माणूस येईल असा अंदाज होता. मैदानाला चारी बाजूंनी भिंत होती. पुढं एक फाटक होतं आणि मागं दोन. फुकटे घुसू नयेत म्हणून मागच्या दोन्ही फाटकांना कुलपं लावायची, आणि पुढच्या फाटकावर देणगीदारांचे फोटो लावलेली मोठी कमान उभारायची, असं ठरलं.

बैठकीत काकांनी एकच विचारलं, "सामना संपल्यावर ही माणसं बाहेर कशी पडणार?"

"आली तशी जातील, काका," सेक्रेटरी म्हणाला.

"येताना ती दोन तासांत येतील. जाताना सगळी एकदम उठतील."

कोणीतरी म्हणालं, "नवरात्रात देवासच्या टेकडीवर लाखो लोक चढतात. इथं पाच हजारांचं काय एवढं?"

काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी ते सेक्रेटरीला घेऊन एका कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. कामगारांना बाहेर पडायला मीटरभर रुंदीची वाट होती. भोंगा झाला, माणसं डबे सावरत निघाली. सगळ्यांना बस गाठायची होती, कोणी रेंगाळत नव्हतं. "घड्याळ मी बघतो, तू डोकी मोज," काका म्हणाले. सेक्रेटरीनं मोजली. मिनिटाला ऐंशीच्या आतच आली. पुन्हा मोजली, तरी तेवढीच.

खेळाच्या मैदानांसाठी इंग्लंडात जे मार्गदर्शक पुस्तक वापरतात, त्यातही सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त 82 माणसं धरली आहेत. मैदान साधारण 8 मिनिटांत रिकामं व्हावं, असंही त्यात आहे.

काकांनी टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. पुढचं फाटक अडीच मीटरचं. पाच हजार माणसांना पंचवीस मिनिटं लागणार. मागची दोन्ही फाटकं तीन-तीन मीटरची. ती उघडली तर सात-आठ मिनिटं.

"आणि तुझ्या कमानीच्या पायांनी दोन्हीकडून हात-हात वाट खाल्ली, तर पंचवीसची चाळीस होतील," काका म्हणाले.

सेक्रेटरी कागदाकडे बघत राहिला. मग काका हळू आवाजात वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगराबद्दल बोलले. 25 जानेवारी 2005, पौष पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही अंगांना दुकानं आणि मग लागलेली आग. जवळपास 300 माणसं गेली. त्यांच्या गावाकडून तो डोंगर दिसायचा.

संध्याकाळी दोघं मागची फाटकं बघायला गेले. काकांनी कुलूप काढलं आणि फाटक ओढलं. ते आतल्या बाजूला उघडत होतं. काका सेक्रेटरीला म्हणाले, "आता तू फाटकाला पाठ लावून उभा राहा. तुझ्या अंगावर शंभर माणसं रेलली आहेत असं समज, आणि फाटक उघडून दाखव." सेक्रेटरीला काही बोलायची गरज उरली नाही. त्यांनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, तारेनं भिंतीच्या कड्यांना बांधून टाकली, आणि दाराच्या जागी एक दोर लावला. दोराच्या दोन टोकांना दोन पोरं. आत कोणाला सोडायचं नाही, आणि सांगितल्याबरोबर दोर जमिनीवर टाकायचा. दुसऱ्या फाटकालाही तेच केलं. कमान फाटकापासून दूर, रस्त्याच्या कडेला गेली. चार बॅटऱ्या आणि सेलवर चालणारा एक कर्णा आणला. पाच हजार तिकिटं संपली की खिडकी बंद करायची, ओळखीचा आला तरी, असंही ठरलं.

अंतिम सामन्याच्या रात्री मैदान गच्च भरलं. दुसरा डाव सुरू झाला आणि भादव्यातला पाऊस कोसळला. दिवे गेले. मंचावरचा पत्रा धाडकन खाली आला आणि अंधारात कोणीतरी ओरडलं, "करंट उतरा है!"

माणसं आली होती त्या वाटेकडे वळली. तेवढ्यात पावसापासून आडोसा शोधणारी बाहेरची मंडळी त्याच फाटकातून आत घुसायला लागली. काका तिथंच उभे होते. त्यांनी आणि आणखी पाच-सहा जणांनी हातात हात गुंफून बाहेरच्यांना थोपवून धरलं. आत सेक्रेटरी खुर्चीवर चढला आणि कर्ण्यातून बोलू लागला, "बिजली का मेन स्विच बंद कर दिया है। खेल रुका है। पीछे के दोनों दरवाज़े खुले हैं, जहाँ बैटरी दिख रही है उधर से निकलिए।" तो हेच पुन्हा पुन्हा बोलत राहिला, आवाज न चढवता. मागं दोर खाली पडले. बॅटऱ्या हलू लागल्या. पुढं रेटणाऱ्या गर्दीची मागची बाजू वळली, आणि पुढच्यांच्या छातीवरचा भार उतरला.

दहा-बारा मिनिटांत मैदान रिकामं झालं. एका आजीबाईंचा पाय मुरगळला. एक मुलगा हरवला होता, तो दोर धरणाऱ्या पोराच्या खांद्यावर सापडला.

दुसऱ्या दिवशी लोक तिकिटाचे पैसे परत मागायला आले. ऑर्केस्ट्राची आगाऊ रक्कम बुडाली. कमान लांब गेल्यामुळे आपला फोटो कोणी पाहिला नाही, म्हणून एक देणगीदार रुसले. फाटकांबद्दल कोणी काही बोललं नाही.

गर्दीत चेंगरून माणसं गेली की आपण म्हणतो, गर्दीचं भान सुटलं. 2013 साली दतियाजवळ रतनगडच्या पुलावर तो मोडतोय अशी आवई उठली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. 4 जून 2025 ला बंगळूरच्या क्रिकेट मैदानाच्या दारांशी 11 जण गेले. तिथं आलेली माणसं बेभान नव्हती, दर्शनाला आणि आनंदाला आली होती. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात जण दाटले की कोणाचेही पाय त्याचे राहत नाहीत, फासळ्यांना फुलायला जागा उरत नाही, आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. मागच्याला पुढचं दिसत नाही, पुढच्याचं मागच्याला ऐकू जात नाही. त्या क्षणी कितीही शहाणा माणूस स्वतःहून काही करू शकत नाही. त्याच्यासाठी जे करायचं ते चार दिवस आधी, मैदान रिकामं असताना, दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेलं असावं लागतं. वीस रुपयांचं तिकीट देताना ती जबाबदारी आपण घेतलेली असते.

अंतिम सामना पुढच्या रविवारी, दिवसाउजेडी झाला. जुन्या तिकिटांवरच लोकांना आत सोडायचं ठरलं होतं. सकाळी सेक्रेटरी एकटाच मैदानावर गेला. पावसानं मागचा एक कोपरा चिखलात गेला होता आणि तिथल्या फाटकाकडे जाताना पाय रुतत होता. त्यानं परत येऊन समितीला सांगितलं, चार हजार माणसं झाली की थांबायचं. राहिलेल्यांना त्यानं खिडकीवर स्वतः उभं राहून वीस-वीस रुपये परत दिले.