शेवटचे सहा मीटर

माझी मावसबहीण रिपीटर आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षेत हवे तेवढे मार्क पडले नाहीत, म्हणून वर्षभराचा गॅप घेऊन ती नाशिकला आमच्याकडे राहून अभ्यास करते. एका रात्री जेवणं झाल्यावर ती वही घेऊन आली. "दादा, वेग म्हणजे त्वरण गुणिले वेळ ना? मग हे बघ." हिशेब नीटनेटका होता. एखादं यान दर सेकंदाला आपला वेग ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढवत राहिलं, तर ३५४ दिवसांत ते प्रकाशाच्या वेगाला पोचतं. "म्हणजे पूर्ण वर्षसुद्धा लागत नाही!"

मी म्हणालो, "नाही पोचणार. कधीच नाही."

"कितीही वर्षं जोर लावला तरी?"

तिचा आवाज ऐकून कळलं की प्रश्न आता फक्त यानाचा राहिला नव्हता. त्या रात्री मी तिला फक्त फिजिक्स सांगितलं. बाकीचा विचार मी नंतर करत राहिलो.

फिजिक्स असं. तिचं सूत्र चुकीचं नाही, पण ते कमी वेगांपुरतंच चालतं. आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवलं की वेगांची साधी बेरीज होत नाही. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या यानातून त्याच दिशेला, यानाच्या मानाने निम्म्याच वेगाने काही फेकलं, तर जमिनीवरून त्याचा वेग प्रकाशाइतका दिसत नाही, ८० टक्केच दिसतो. भर घालत राहा, बेरीज वाढत राहते, पण १०० ला टेकत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. नाशिकहून मुंबई-आग्रा हायवेने धुळ्याच्या पुढे जात राहिलं की इंदूर येतं. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात. ते या कड्यात शिरतात तेव्हा त्यांची ऊर्जा ५५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि ते प्रकाशाच्या मागे असतात सेकंदाला साधारण १३० मीटर. मग त्यांची ऊर्जा २५० कोटींपर्यंत, म्हणजे साडेचारपट वाढवली जाते. आता ते मागे असतात सेकंदाला साधारण ६ मीटर. ताशी २२ किलोमीटर, म्हणजे सायकलचा वेग. ऊर्जा आणखी दुप्पट केली तर हा फरक दीड मीटरवर येईल. शून्यावर मात्र कधीच येणार नाही, कारण त्यासाठी अनंत ऊर्जा लागेल.

यानात बसलेल्या माणसाचं तर आणखी अवघड. त्याला "जवळ आलो" असं कधी वाटतच नाही. पाच वर्षं जोर लावल्यावर त्याने टॉर्च लावला, तरी प्रकाश त्याच्यापासून पूर्ण वेगानेच दूर जातो, पहिल्या दिवशी जात होता तसाच. दरम्यान त्याच्या घड्याळात पाच वर्षं झालेली असतात आणि घरच्यांच्या घड्याळात सुमारे ८४. आई-बाबांचं काय झालं असेल, हे सांगायला गणित लागत नाही.

मला वाटतं, नैतिक प्रश्न इथे आहे. आपण पोरांना सर्रास सांगतो, "थांबू नकोस, जोर लावत राहा, पोचशील." हे सांगणं बरोबर आहे का?

प्रकाशाची मर्यादा निसर्गाची आहे, ती सगळ्यांना सारखीच. परीक्षेतल्या जागा निसर्गाने ठरवलेल्या नसतात. त्या माणसांनी ठरवलेल्या असतात, त्यामुळे वाढवताही येतात. म्हणून तिच्या परीक्षेची तुलना प्रकाशाशी पूर्ण जुळत नाही, आणि काही मुलं पोचतातच. पण एका बाबतीत ती जुळते. सगळ्यांनीच अभ्यास वाढवला की कटऑफही पुढे सरकतो. तिच्या बाजूने पाहिलं तर मेहनत दुप्पट झाली तरी अंतर तेवढंच राहू शकतं. अशा वेळी "तू कमी पडलीस" म्हणणं हे नुसतं कठोर नाही, खोटंही आहे. अंतर कमी झालं नाही म्हणजे जोर लावला नाही, असा अर्थ निघत नाही.

मग तो जोर जातो कुठे? इंदूरमध्ये याचं उत्तर आहे. इंडस-२ इलेक्ट्रॉनला प्रकाशाच्या शर्यतीत जिंकवायला बांधलेलं नाही. वळताना हे इलेक्ट्रॉन क्ष-किरणांसकट प्रखर प्रकाश बाहेर टाकतात, आणि त्या प्रकाशात शास्त्रज्ञ प्रथिनांची रचना, पदार्थांमधली अणूंची मांडणी पाहतात. वेग जवळजवळ तेवढाच राहिला, पण ऊर्जा कामी आली. तिथे कोणी त्या सहा मीटरचं दुःख करत बसत नाही.

हे मी तिला सांगितलं असतं तर तिने जांभई दिली असती. इलेक्ट्रॉनला घर नसतं, वय नसतं, फॉर्म भरायची शेवटची तारीख नसते. माणसाकडून मेहनत मागायची तर ती कशासाठी आणि कुठपर्यंत, हेही सांगायला हवं. माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलं: कुठपर्यंत हे सांगता येत नसेल, तर "जोर लाव" म्हणायचा मला अधिकार नाही.

दोन दिवसांनी तिनेच विचारलं, "दादा, त्या यानाला थांबायचं असेल तर?"

"जेवढी वर्षं वेग वाढवला, तेवढीच वर्षं ब्रेक लावावा लागेल. त्याच्या घड्याळाने पाच वर्षं वेग वाढवला तर पाच वर्षं थांबायला."

"म्हणजे थांबायचं कधी, हे निघायच्या आधी ठरवायला हवं."

मग आम्ही तिघांनी, तिने, मावशीने आणि मी, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर परीक्षेच्या तारखेनंतरचा रविवार गोल करून ठेवला. निकाल काहीही लागो, त्यानंतर तिसरा प्रयत्न नाही. त्या रात्री ती दहालाच झोपली.