चमचाभर राब

भाद्रपद लागला की आमच्या मजल्यावर उपासांची ये-जा सुरू होते. तृतीयेला आमच्याकडे हरतालिका. चतुर्थीला गणपती बसतात, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी समोरच्या जैन घरात संवत्सरी असते. पंचमीला आमच्या बाजूला कुणीतरी ऋषिपंचमी धरतं, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून अळू, माठ, लाल भोपळा गोळा करत बसतं. नेमक्या त्याच सकाळी समोर अठाईचं पारणं असतं. इकडचा उपास सुरू होतो, तिकडचा सुटतो.

अठाई म्हणजे आठ दिवस अन्न नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. या वर्षी समोरच्या सुनेनं अठाई केली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, ते करायलाच हवं. माझं लक्ष मात्र तिच्या सासूबाईंकडे होतं. त्यांना सगळा मजला ‘बा’ म्हणतो. सुनेनं आठ दिवस काय करायचं नाही ते सांभाळलं. नवव्या दिवशी काय करायचं, आणि किती, हे बांना ठाऊक होतं.

पारणं राबेनं होतं. बांच्या घरात या दिवसांत सूर्य उगवल्याशिवाय गॅस पेटत नाही. आणि नवकारसीचा नियम असा, की सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, तोंडात काही घालायचं नाही. ती ४८ मिनिटं रांधणारीची. पातेल्यात चमचाभर तूप. त्यात गव्हाचं पीठ, तेही चमचाभरच. मंद आचेवर ते परतत राहायचं. आधी पिठाचा कच्चा वास येतो, मग तो जातो, मग खमंग वास सुटतो आणि रंग बदामी होतो. गूळ आधीच पाण्यात विरघळवून गाळून ठेवलेला असतो. ते पाणी ओतताना चर्रर्र होतं आणि पीठ गोळा व्हायला बघतं. तेव्हा हात थांबवायचा नाही. शेवटी सुंठ आणि गंठोडा, म्हणजे पिंपळमुळाची पूड. ओलं आलं कंदमूळ म्हणून चालत नाही, वाळलेली सुंठ चालते. राब झाली की नाही हे बा पळी उचलून बघतात. धार तुटता कामा नये आणि पळीला थर राहता कामा नये. खीर म्हणावी तर पातळ, पाणी म्हणावं तर दाट. आठ दिवसांच्या उपाशी पोटाला अन्नाची ओळख पुन्हा करून द्यायची, ती अशी मधल्याच कुणाकडून करून द्यावी लागते.

जैनांच्या पहिल्या तीर्थंकरांची, ऋषभदेवांची कथा मला या संदर्भात नेहमी विलक्षण वाटते. दीक्षा घेतल्यावर ते भिक्षेसाठी हिंडत राहिले. वर्ष उलटून गेलं तरी त्यांना आहार मिळाला नाही. लोक वाईट नव्हते, कंजूष तर मुळीच नव्हते. काल-परवाचा आपला राजा दारात आला म्हणून कुणी हत्ती पुढे केला, कुणी रत्नं आणली, कुणी लग्नासाठी मुलगी देऊ केली. याला भूक लागली असेल, एवढं कुणाला सुचलं नाही. साधूला भिक्षा द्यायची असते हेच लोकांना माहीत नव्हतं. पुढे हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांना मागच्या जन्माची आठवण झाली, काय द्यायचं ते उमगलं, आणि त्यांनी उसाचा रस दिला. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. वर्षीतप करणारे आजही त्याच दिवशी उसाच्या रसानं पारणं करतात. ही कथा तपश्चर्येची म्हणून सांगतात. मला ती देणाऱ्यांची वाटते. न खाणं एकट्याला जमलं. देणं मात्र एका अख्ख्या समाजाला वर्षभर जमलं नाही.

आपल्याकडचा उपास तसा प्रेमळ. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं आपण स्वतःलाच हसून घेतो. साबुदाण्याच्या खिचडीनंतर पोटाला अन्नाची ओळख करून द्यायची गरज पडत नाही. पण निर्जळी एकादशी करणारी माणसं घराघरांत होती. द्वादशीला ती बारस सोडायची. पारण्याची वेळ टळते आहे आणि जेवायला बोलावलेले दुर्वास नदीवरून परतत नाहीत, तेव्हा पुराणातल्या अंबरीष राजानं नुसतं पाणी घेतलं. पाणी घेतलं म्हणजे जेवलं असंही होतं, नाही असंही होतं. दुर्वास तरीही रागावले, ते दुर्वासच. पण उपास आणि जेवण यांच्यामध्ये एक अरुंद जागा आहे आणि ती पातळ पदार्थाची आहे, हे त्या काळीही कुणीतरी नीट ओळखलं होतं.

डॉक्टरही तेच सांगतात, फक्त त्यांची भाषा कडक आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतून सुटलेली काही माणसं अन्न मिळाल्यानंतर दगावली. खायला घालणाऱ्या सैनिकांच्या मनात दयाच होती. त्यांच्याजवळ मोप अन्न होतं, बांचा चमचा नव्हता. गोड आणि पिठूळ पदार्थांनी हा धोका वाढतो, म्हणजे गुळाची राब तर आणखीच जपून द्यायला हवी. आजारी माणसानं तर आधी डॉक्टरांना विचारावं. बांना फॉस्फेट माहीत नसावं. त्यांना एवढंच माहीत होतं, की वाटी मोठी घ्यायची नाही.

खरी परीक्षा झाली ती पाहुण्यांमुळे. तपस्वीला पारणं करवण्यात पुण्य असतं, त्यामुळे सगळ्यांनाच एकेक चमचा भरवायचा होता. आत्या, मामी, दोन्हीकडच्या काकू, खालच्या मजल्यावरची मंडळी. प्रत्येकीचा चमचा मायेनं भरलेला, काठोकाठ. बा वाटी हातात धरून बसल्या होत्या. प्रत्येकीला चमचा देत होत्या आणि तो वाटीत बुडायच्या आधीच तिचं मनगट हलकेच धरत होत्या. चमच्याच्या टोकाला जेवढं लागेल तेवढंच. एक मामी थोडी हिरमुसली. सुरतहून आल्ये, म्हणाली. बा म्हणाल्या, “तू सुरतहून आलीस, तिचं पोट आठ दिवस कुठे गेलंच नाही. त्याला हळूहळू उठू दे.” सगळे हसले. मामीनं चमच्याचं टोकच बुडवलं.

मला वाटतं, खाऊ घालण्याच्या आनंदाला आपण कधी लगाम घालत नाही, कारण त्यात काही चुकतं आहे असं कुणाला वाटतच नाही. ‘अजून थोडं घ्या’ हा आपल्या आतिथ्याचा सगळ्यात आवडता शब्दप्रयोग. पानात वाढत राहणारा हात आपण प्रेमाचा मानतो. तो बऱ्याचदा असतोही. पण समोरच्याच्या पोटाकडे बघून आपला हात आवरणं, हेही व्रतच म्हणायला हवं. त्याचं पच्चक्खाण, म्हणजे रीतसर नेम, कुणी घेत नाही आणि त्याची मिरवणूकही निघत नाही.

दुपारी मुगाचं पाणी झालं. सबंध मूग मऊ शिजवून वरचं पाणी गाळलेलं, त्यात किंचित मीठ आणि मिरपूड. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत पुन्हा थोडी राब. सुनेच्या चेहऱ्यावर आता रंग आला होता आणि डोळे स्वयंपाकघराकडे लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खाखरा मागितला. बांनी डबा उघडला, एक खाखरा काढला, मोडून त्याचा पाव भाग तिच्या हातावर ठेवला आणि उरलेला स्वतः खाल्ला.