दाखल्यावरची जात



बारावीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, दीक्षा घेतली तेव्हा जात सोडली ना? मग इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी तिचाच दाखला काढायचा, हे खोटे नाही का?" तिच्या वडिलांनी तीन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली. देव्हारा काढला, गंडेदोरे तोडले. आता तहसील कचेरीत जुन्या जातीचे नाव लिहून द्यायला त्यांचे मन घेत नाही. मुलीचे वर्ष त्यावर अडले आहे.

हा प्रश्न तुमच्याही घरात निघेल. तो हसण्यावारी नेऊ नका. ज्याला शील पाळायचे आहे, त्याला असा प्रश्न पडणारच.

दीक्षेने आपले मन बदलले. गावाचे मन त्याच दिवशी बदलले काय? १९५६ साली बौद्ध झालेल्यांना केंद्राने अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. महाराष्ट्राने १९६० मध्ये त्या दिल्या. केंद्राच्या कायद्यात बौद्धांचे नाव यायला १९९० साल उजाडले. मधल्या चौतीस वर्षांत धर्म बदलला म्हणून कुणाची मजुरी सुटली नाही, की वस्ती गावकुसाच्या आत आली नाही. दाखला सांगतो तो एवढाच इतिहास. खरे ते लिहून दिल्याने चौथे शील कसे मोडेल?

कमीपणा वाटतो, हे मात्र मला ठाऊक आहे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. कॉलेजात फीच्या खिडकीतला कारकून सगळ्यांदेखत ओरडायचा, "स्कॉलरशिपवाले बाजूला थांबा!" मी मान खाली घालून बाजूला होत असे. आपण कुणाचे तरी फुकट खातो, असे वाटे. मान त्याने खाली घालायला हवी होती, हे कळायला मला नोकरीची पाच वर्षे लागली.

वडील अजून पुरते तयार नाहीत. पण जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि मुलीचे पणजोबा त्याआधी चौथीपर्यंत शिकले होते. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचे नाव असेल. पुढे जातही असेल. ती लिहिताना मास्तरांनी त्यांना विचारले नव्हते! येत्या शनिवारी आम्ही दोघे ते रजिस्टर पाहायला जाणार आहोत.

तुमच्या घरचा असा कागद कोणत्या चुलत्याच्या ट्रंकेत आहे, ते आजच विचारून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात तो सापडत नाही.