फवारणीचे बळी आणि गुन्ह्याची हद्द

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. अकोला-अमरावतीकडेही विषबाधेचे रुग्ण होतेच. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले, मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत जाहीर झाली आणि पुढचा हंगाम सुरू झाला. वऱ्हाडात ही घटना दुर्घटना म्हणूनच लक्षात राहिली आहे. गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तिच्याकडे देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या गुन्ह्याचा प्रश्न म्हणून पाहायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

त्या वर्षी अनेक शिवारांत कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. मजूर नळी वर धरून फवारत होते आणि तुषार त्यांच्याच तोंडावर, छातीवर पडत होते. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप, घामाने भिजलेला सदरा, दाट ओळींत वाऱ्याचा पत्ता नाही. कपडे ओले झाले की विष कातडीतून आत शिरते. बदलायला दुसरे कपडे बांधावर नसतात, अंग धुवायला पुरेसे पाणी नसते. मग मळमळ, श्वास लागणे, डोळ्यांपुढे अंधारी. काहींना तर काही काळ दिसेनासे झाले. असा माणूस गेला की ठाण्यात मर्ग दाखल होतो आणि चर्चा सुरू होते: हातमोजे का नव्हते, दोन औषधे एकत्र का केली, कृषी केंद्रवाल्याने काय सांगितले? सप्टेंबरच्या उकाड्यात अंगभर कोट घालून दिवसभर फवारणी होत नाही, हे माल बनवणाऱ्यालाही कळू शकते. तरीही दोष शोधत आपण बांधावरून तालुक्याच्या दुकानापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो.

दुकानाच्या पलीकडे काय होते? त्या हंगामात वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांत सिंजेंटा या स्विस कंपनीचे ‘पोलो’ होते. त्यातला घटक डायफेन्थियुरॉन. युरोपीय संघात २००२पासून त्याला परवानगी नाही, खुद्द स्वित्झर्लंडने २००९मध्ये ते आपल्या बाजारातून काढले. पण स्वतःच्या शेतात नको असलेले हे रसायन बाहेर पाठवायला तिथे मनाई नव्हती. ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने उघड केलेल्या नोंदींनुसार एकट्या २०१७मध्ये सुमारे ७५ टन डायफेन्थियुरॉन स्वित्झर्लंडहून भारतात आले. यात कोणताही कायदा मोडलेला नव्हता. माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर गोष्ट तीच.

अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९मध्ये प्रतिष्ठितांच्या गुन्हेगारीचा प्रश्न मांडला. गुन्हा म्हणजे गरिबाच्या हातून घडणारी गोष्ट, या समजुतीवर तो घाव होता. १९४९च्या त्यांच्या ग्रंथातून प्रकाशकाने कंपन्यांची नावे काढायला लावली. ती नावे छापली जायला १९८३ साल उजाडले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आणखी एक पाऊल टाकले: कायद्याने गुन्हा ठरवला नसला तरी जे टाळता येण्याजोगे नुकसान माणसांच्या निर्णयातून घडते, तेही या शास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांचा कायदा मात्र इथवर आलेला नाही. रोम संविधीत वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण हे चारच गुन्हे आहेत. त्यानुसार चालणारे हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटला चालवते, कंपन्यांवर नाही, आणि भारत त्या संविधीत सामीलच नाही. फवारणीतले मृत्यू वंशसंहाराच्या ओळीत बसवावेत असे मी म्हणत नाही, तसे करणे खोटे होईल. पण त्यांना अपघात म्हणणे हेही तितकेच खोटे आहे.

आपला कीटकनाशक कायदा १९६८चा. १९५८मध्ये केरळ-मद्रासकडे जहाजातून आलेल्या धान्य-पिठात कीटकनाशक मिसळून शंभरावर माणसे गेली, त्यानंतरच्या चौकशीतून तो आला. म्हणजे त्याचा उगमच विषबाधेत आहे. तरी त्याच्या कलम २७नुसार राज्य सरकारला बंदी घालता येते ती एका वेळी साठ दिवसांची. कपाशीचा हंगाम त्याहून मोठा असतो.

सप्टेंबर २०२०मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये सिंजेंटाविरुद्ध दिवाणी दावा लावला. आणखी ५१ जणांच्या वतीने बर्नमधल्या तक्रार यंत्रणेकडे अर्ज गेला. तो २०२२मध्ये तडजोडीविना बंद झाला. कंपनीने जबाबदारी सतत नाकारली आहे: मजुरांनी इतरही औषधे वापरली होती, तेव्हा पोलोमुळेच हे झाले कशावरून? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याला उत्तर देता आले ते यवतमाळच्या पोलिसांच्या कागदांमुळे. त्यांत पोलोशी जोडलेली ९६ प्रकरणे होती, त्यांपैकी दोन मृत्यूंची. दरम्यान, १ जानेवारी २०२१पासून स्वित्झर्लंडने पाच घातक कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यांत डायफेन्थियुरॉन आहे आणि प्रोफेनोफॉसही, ज्याचे नाव २०१७च्या विषबाधेत वारंवार आले होते.

साध्या जमादाराने लिहिलेल्या नोंदीचे वजन एवढे असते. म्हणून अमरावती विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या प्रकरणाचा अभ्यास व्हावा, असे मला कळकळीने वाटते. पण त्याआधी करण्यासारखे काम ठाण्यात आणि दवाखान्यात आहे. कीटकनाशक कायद्याच्याच कलम २६नुसार विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे राज्य सरकारला बंधनकारक करता येते. ते केलेच पाहिजे, आणि अंमल कागदावर राहता कामा नये. रक्ताचा नमुना पहिल्याच दिवशी घ्यावा. पंचनाम्यात डबीवरचे नाव, बॅच क्रमांक आणि कृषी केंद्राचे बिल यांची नोंद व्हावी. आणि घरच्यांनो, रिकामी डबी फेकू नका.