ताप कोणाच्या पापाचा?

उष्ण मुलखात नव्याने गेलेला माणूस आजारी पडला की लोक दोनच गोष्टी बोलतात: तिथली हवा मानवली नाही, नाहीतर याने पथ्य सांभाळले नाही. यातल्या दुसऱ्या बोलण्यात वैद्यकापेक्षा न्यायनिवाडाच अधिक असतो, आणि तो किती आंधळा असू शकतो हे पनामा कालव्याच्या फ्रेंच पर्वात दिसते. तिथल्या कामाचे प्रमुख ज्यूल डिंग्लर १८८३ मध्ये कुटुंबाला घेऊन गेले. पीतज्वराने मरतात ते दारुडे आणि बदफैली, असे त्यांचे मत असल्याचे सांगतात. पुढच्या वर्षाच्या आरंभीच त्यांची मुलगी पीतज्वराने गेली. पाठोपाठ मुलगा, होणारा जावई आणि शेवटी पत्नी. त्याच पनामातल्या इस्पितळात ख्रिस्ती जोगिणी रुग्णांची सेवा मनोभावे करत. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, खिडक्यांना जाळी नव्हती. त्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात पीतज्वराचे डास वाढत, आणि दुसऱ्याच दुखण्यासाठी आलेला माणूस तिथेच ताप घेऊन जाई. फ्रेंचांच्या काळात सुमारे २२ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. काम सुरू झाले त्या १८८१ मध्येच हवानात डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी डासाकडे बोट दाखवले होते. ते सिद्ध व्हायला १९०० उजाडले. हवामान आणि चारित्र्य ही दोन उत्तरे हाताशी असताना तिसरे शोधायची निकड कोणाला वाटणार?

मग आजाराचा नीतीशी काही संबंधच नाही, असे म्हणून मोकळे व्हावे का? मला ते पटत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे साथीने मुलूख उद्ध्वस्त होण्याचा, अध्याय आहे. प्रकृती, आहार, बळ, वय सगळे वेगवेगळे असताना माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, असा तिथला प्रश्न आहे. उत्तर असे, की वायू, जल, देश आणि काल या सामाईक गोष्टी बिघडतात, आणि त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म असतो. हे डिंग्लरचेच मत संस्कृतात झाले, असा आक्षेप कोणी घेईल. पण चरकाने एकेकट्याची प्रकृती प्रश्नातच बाजूला ठेवली आहे, आणि अधर्माची सुरुवात तो देशाच्या, नगराच्या प्रमुखांपासून करतो. रोग्याच्या वर्तनाची झडती घेणे हा तिथला मुद्दाच नाही. अधर्माने वारा कसा बिघडतो हे चरकाचे स्पष्टीकरण आज मान्य करता येणार नाही. मात्र दोष कुठे शोधायचा, ही दिशा त्याने अचूक धरली आहे.

पनामा कालव्याच्याच पुढच्या, अमेरिकी पर्वात त्याची साक्ष मिळते. १९०४ पासून डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी साचलेले पाणी उपसले, त्यावर तेल टाकले, घरोघर धुरी दिली. नळाचे पाणी आले आणि पिंपे भरून ठेवायची गरज उरली नाही. दोन वर्षांत पीतज्वर हटला. पाऊस तोच, उकाडा तोच, आणि लोकांचे पिणेही काही सुटले नव्हते. पण कामगारांच्या पगाराच्या याद्या दोन होत्या: गोऱ्या अमेरिकनांची ‘सोन्याची’, बार्बाडोस-जमैकाकडच्या काळ्या मजुरांची ‘चांदीची’. जाळीची घरे पहिल्या यादीला. दुसऱ्या यादीतले दाटीवाटीच्या बराकींत राहत आणि दिवसभर भिजलेले कपडे तसेच अंगावर घालत. त्यांना न्यूमोनियाने गाठले. त्या दशकात नोंदलेल्या साडेपाच हजारांवर मृत्यूंत बहुसंख्य हेच होते. उष्ण मुलूख काळ्या माणसांना सोसतो, या समजुतीने त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे आणखी सोपे केले.

सगळे व्यवस्थेवर टाकले तर माणूस स्वतःची काळजीच घेणार नाही, ही भीती उरतेच. पाणी उकळावे, मच्छरदाणी लावावी. त्यात वाद नाही. फक्त ते करूनही जो आजारी पडला, त्याच्या उशाशी बसून त्याची पापे मोजण्याआधी त्याच्या खाटेखालच्या वाटीत पाणी कोणी ठेवले हे पाहावे लागेल.