परिचारिकेची पदवी कोणासाठी?

पदविका घेऊन नोंदणी झालेली, वीस वर्षे वॉर्डात वावरलेली परिचारिका चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी होते, तेव्हा तिला काय मिळते आणि तिच्याकडून काय मागितले जाते? हा प्रश्न वेतनश्रेणीचा आहे असे समजून आपण तो सोडून देतो. आम्हांस तो नीतीचा प्रश्न वाटतो.

पाताळगंगेच्या काठी वसलेले आपटा हे पनवेल तालुक्यातील गाव. अशा गावातून पनवेलच्या एखाद्या रुग्णालयात कामाला जाणारी परिचारिका डोळ्यांपुढे आणू या. बारावीनंतर तिने जी.एन.एम.ची पदविका घेतली, परिषदेकडे नोंदणी केली आणि कामाला लागली. आता पदवीधर व्हायचे तर दोन वर्षांचा ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’ हा अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांची रजा कोण देणार, त्या काळात घर कशावर चालणार आणि रात्री मुलांना कोण पाहणार, हे तीन प्रश्न प्रवेश-अर्जावर कोठेच नसतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये हा अभ्यासक्रम दूरशिक्षणाने सुरू केला. सोय मोठी झाली. परंतु रात्रपाळी करून आलेल्या बाईने पुस्तक उघडावयाचे ते झोपेच्या मोबदल्यात, हे काही बदलले नाही.

मग हवी कशाला पदवी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बाजूला फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारखी व्यक्ती उभी आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्येची शाळा काढणाऱ्या या बाईंनी पुढे परिचारिकांच्या नोंदणीलाच विरोध केला. चांगली परिचारिका घडते ती शीलाने, आणि शील परीक्षेत मोजता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप पोकळ नव्हे. पहाटे तीन वाजता रुग्णाच्या श्वासाची लय बदलली आहे हे ज्या कानाला कळते, तो कान कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नसतो.

तरीही दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तेथे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी आढळली. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांत हाच आकडा सात टक्के निघाला. अशा आकड्यांवरून पदवीनेच रुग्ण वाचला असे सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु पहिल्या अभ्यासातील एक गोष्ट मनाला टोचते: परिचारिकांच्या अनुभवाच्या वर्षांचा तसा स्वतंत्र परिणाम तेथे दिसला नाही. अनुभवावर निष्ठा असलेल्या आम्हांला हे सहज गिळता येत नाही.

कारण शोधू गेले तर आम्हांस असे वाटते. औषधाचे प्रमाण चुकल्याची शंका अनुभवी परिचारिकेलाही येते. मात्र ‘डॉक्टर, हे बरोबर दिसत नाही, कारण...’ असे म्हणण्यासाठी त्या ‘कारण’ शब्दापुढचे वाक्य लागते. ते वाक्य हाताशी नसेल तर शंका मनात राहते आणि इंजेक्शन दिले जाते. परिचर्येला आज्ञापालन समजणाऱ्या व्यवस्थेत शिक्षण हे रुग्णाच्या वतीने बोलण्याचे बळ आहे.

येथे आपल्या समाजाकडेही पाहिले पाहिजे. ‘सेवा’ हा शब्द आपण फार प्रेमाने वापरतो आणि त्याच शब्दाच्या आडोशाने सेवा करणारीचा पगार, झोप आणि शिक्षण यांविषयी गप्प बसतो. सेवाभावाला अभ्यासाची गरज नाही, असे ख्रिस्तसभेने मानलेले नाही. रावळपिंडीत काम केलेल्या डॉक्टर ॲना डेंगेल यांना तेथे दिसले, की पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि धर्मभगिनींना प्रसूतीचे काम करण्यास मनाई आहे. त्यांच्यासारख्यांनी प्रयत्न चालू ठेवले आणि १९३६ मध्ये रोमने ती मनाई उठवून धर्मभगिनींना या कामासाठी रीतसर शिक्षण घेण्याची वाट मोकळी केली. माया होतीच, विद्या नव्हती म्हणून माता मरत होत्या.

एक भीती मात्र आम्हांसही आहे. पदवी मिळाली की परिचारिका खाटेपासून दूर जाते. कोणी शिकवायला, कोणी कार्यालयात, कोणी परदेशी. तिला दोष देणे सोपे आहे. खाटेजवळ राहणारीला बढती नाही आणि खाट सोडणारीला आहे, ही मांडणी तिने केलेली नाही. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देताना देणारा-घेणारा दोघेही ते पान आहे हे जाणून असतात. पदवीच्या कागदाबाबत तसा समंजस खेळ चालत नाही, कारण तेथे रुग्णाचा जीव असतो.

म्हणून पदवी हवी म्हणणाऱ्या विश्वस्तांना आम्ही काही विचारतो. शिकणाऱ्या परिचारिकेची रात्रपाळी दोन वर्षे कोणी वाटून घेतली? तिच्या शुल्कातील किती भाग संस्थेने उचलला? आणि ती परत आल्यावर वॉर्डातच राहू इच्छिते, तर त्या वॉर्डात तिच्या शब्दाला आणि पगाराला कोणती जागा राखून ठेवली आहे?