पाटी

माझ्या पुस्तकात थोरल्या आक्काचं एक पान आहे. चौथीनंतर आबांनी तिला शाळेतून काढलं, म्हशींमागं लावलं आणि एका दिवशी तिनं रागानं माझी पाटी हिरीत टाकली, एवढीच हकिकत. लोकांना ते पान फार आवडलं. एका कार्यक्रमात मी ते वाचलं, तर बायका डोळ्याला पदर लावत होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढं आक्काच्या नातवानं ते तिला वाचून दाखवलं आणि दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला दंड होता. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याच मुलखात आक्काची शाळा सुटली आणि मी दहावीपर्यंत गेलो. म्हशी ती राखत होती म्हणून गेलो. म्हणजे तिच्यावर लिहायला मी जी अक्षरं वापरली, ती तिच्याच वाट्याची.

"खरं तेच लिहिलंय," हा माझा बचाव. त्याला आधार होता कागलच्या आनंद यादवांचा. बापानं शाळा सोडवून मळ्यात जुंपलेलं पोर शिकण्यासाठी कसं झगडलं, ते त्यांनी 'झोंबी'त काही न झाकता मांडलं. १९८७ साली पुस्तक आलं, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ते उसाला पाणी पाजताना बांधावर बसून वाचलंय. दोन सऱ्या फुटल्या तरी कळलं नाही. पण यादवांनी त्याला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हटलं. आधी मला ती पळवाट वाटायची. आता वाटतं, बापाच्या पोटात काय चाललं होतं ते पोराला पुरतं ठाऊक नसतं, एवढी कबुली त्या कादंबरी शब्दात असावी. पुढं तुकोबांवरच्या त्यांच्या कादंबरीवरून वारकरी दुखावले आणि २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं. लेखकाला अध्यक्षपदावरून उतरवणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण 'ह्यो आमचा हाय' म्हणणाऱ्याचा आवाज मी तेव्हा नीट ऐकला नव्हता. तो घरात ऐकू आला.

शेवटी मीच आक्काकडं गेलो. चहा ठेवत म्हणाली, "खोटं न्हाई लिवलंस. पर अर्धं लिवलंस."

"काय राहिलं?"

"पाटी टाकली तवा आबा हिरीच्या काठावरच हुता. त्येनं बघितलं. मला वाटलं, आता चाबूक काढतोय. तर खाली बसला, गप. लई येळ. मग म्हणाला, बाई, घरात सांगू नगंस. आनि दुसऱ्या दिवशी बाजारातनं दोन पाट्या आणल्या. एक तुला. एक माझ्या हातात दिली, म्हशींमागं ने म्हणाला. कोळशानं रेघोट्या मारायची मी. तू समद्या जगाला आबा कसाई करून दावलास लेका."

मला ती दुसरी पाटी कधी दिसलीच नव्हती. आबांना जाऊन वीस वर्षं झाली.

"हे लिहू का?" मी विचारलं.

"लिव. पर छापायच्या आदी मला वाचून दाव."

आज रात्री पाण्याची पाळी आहे. उद्या सकाळी ही पानं घेऊन तिच्याकडं जाणार आहे.